तिसऱ्या दिवसाची हाक

तेल गळायला अजून वेळ आहे. जैतुनाच्या चेंद्याच्या टोपल्यांवर दगड चढवलाय, आता पहाटेपर्यंत थेंब थेंब पडत राहील आणि आपल्याला जागायचंच आहे. तेव्हा ऐका. उडती गोष्ट नाही ही. खाणीतला याकीम तुम्हा सगळ्यांना आठवतो, गेल्या थंडीत गेला तो. हे सारं त्याने मला याच घाण्यापाशी बसून सांगितलं. शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलं.

याकीम तेव्हा तिशीतला. आपल्या खाणीत त्याच्या तोडीचा दगड फोडणारा नव्हता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. यरुशलेमच्या बड्या लोकांच्या कबरींची दारं त्याच्या हातची. बाप लवकर गेलेला. घरात आई शप्पीरा आणि धाकटा भाऊ नहूम. नहूम गुणाचा पोरगा, पण भित्रा. एकोणीस वर्षांचा घोडा झाला तरी रात्री अंगणात जायचं तर हातात दिवा लागायचा. मातीचा छोटा दिवा, चोचीचा टवका उडालेला, तो त्याचाच ठरलेला. याकीम वाटेत आडवा यायचा, फू करून दिवा विझवायचा आणि अंधारात हसत उभा राहायचा. नहूम रागवायचा नाही. एवढंच म्हणायचा, "दादा, नको ना."

तुम्हीही हसलात. तेव्हा आम्हीही हसायचो.

त्या वर्षी शबाट महिन्यात, ऐन थंडीत, नहूमला ताप भरला. शब्बाथ उलटला आणि दुसऱ्या सकाळी तो गेला. आपल्याकडे मेलेलं माणूस घरात रात्र काढत नाही. बायकांनी त्याला न्हाऊ घातलं, गंधरस लावला, तागाच्या कापडात गुंडाळलं, हनुवटी पट्ट्याने बांधली. गरिबाघरीही लागतं तेवढं, म्हणजे दोन बासऱ्या आणि एक रडणारी बाई, एवढं पुढे चाललं. दिवस बुडायच्या आत डोंगरातल्या त्यांच्या गुहेत डाव्या ओट्यावर त्याला निजवला. समोरच्या कोनाड्यात बापाच्या अस्थींची दगडी पेटी होती. तोंडाला दगड बसवला, आणि माणसं घरी येऊन मसुराची आमटी जेवली.

पुढचं काम तुम्हाला माहीत आहे. तीन दिवस जाऊन बघायचं. दगड जरा सरकवायचा, आत डोकवायचं, नावाने तीन हाका मारायच्या. माणूस मेलेला नसतो, नुसता गुंगीत बुडालेला असतो, असं होतं कधी कधी. माझ्या आजोळी एक बाई दुसऱ्या दिवशी उठून बसली आणि त्यानंतर तिला दोन लेकरं झाली. शिवाय तीन दिवस जीव देहाभोवती घुटमळत असतो, परत शिरता येतं का बघत. चेहरा बदलला की त्याला आपलं घर ओळखू येत नाही. मग जातो.

पहिले दोन दिवस याकीम आणि त्याचा मामा पिनहास मिळून गेले. हाका मारल्या. आत शांत. तिसऱ्या दिवशी मामाचा गुडघा धरला. शप्पीराने नहूमचाच दिवा तेल घालून याकीमच्या हातात दिला आणि काही बोलली नाही. बोलला तो मामा.

"ऊन आहे तोवर जा आणि ये. तारे दिसले तर मागे फीर, तोंड उघडू नकोस. तीन तारे निघाले म्हणजे चौथा दिवस लागला. मग आतून जो ओ देईल तो आपला नसतो."

"येतो मामा. लहान आहे का मी आता?"

"तू लहान असतास तर सांगायची गरज नव्हती."

दुपार नुकतीच कलली होती. वेळ भरपूर होता. आणि इथेच याकीमने खाल्ली माती. शब्बाथच्या आदल्या दिवशी, नहूम तापाने फणफणत असताना, त्याने खाणीत एका मोठ्या शिळेत लाकडी पाचरी ठोकून त्यांच्यावर पाणी ओतून ठेवलं होतं. लाकूड फुगतं, शिळा आपोआप फाकते. आज ती फाकायची होती. सुतकात कामाला हात लावायचा नाही, हे काय त्याला सांगायला हवं होतं? पण नुसतं बघायला काय हरकत आहे, असं म्हणत तो खाणीकडे वळला. चीर वाकडी चालली होती. मग त्याने थोडं पाणी घातलं. मग एक पाचर बदलली. शिळा सरळ फाकली तेव्हा केवढा आनंद झाला त्याला, हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मान वर केली तर सूर्य गेलेला.

खांद्यावर पहार टाकून तो पळत सुटला. गुहेपाशी पोचला तेव्हा पश्चिमेला एक तारा होता. धाप टाकत दिवा पेटवला. दुसरा दिसला. पहारीने दगड ओढायला घेतला. घट्ट बसला होता, त्याने स्वतःच बसवलेला. हातभर फट पडली तेव्हा त्याने वर पाहिलं.

तीन. तीनहून जास्तच.

शबाटची एकोणतिसावी रात्र लागली होती. चंद्राचा पत्ता नव्हता.

फिरायला हवं होतं. पण घरी आई विचारणार होती. हाक मारलीस का? आणि न मारता मारली म्हणायचं, तर आत नहूम खरंच नुसता निजलेला असेल तर... मामाचं म्हणणं म्हाताऱ्यांच्या गप्पा. चार पळांनी काय होतं? त्याने दिवा फटीत धरला. उजेड ओट्याच्या पायथ्यापर्यंतच पोचत होता. गंधरसाचा वास आला. आणि त्याखालचा दुसरा.

"नहूम."

काही नाही.

"नहूम."

काही नाही. लांब कोल्हा ओरडत होता, तो थांबला.

"नहूम..."

आत काहीतरी सरकलं. दगडावर कापड घासावं, तसं.

मग...

"दादा."

ज्योत हलली.

"दादा... नको ना."

आवाज नहूमचा होता. यात त्याला तेव्हाही शंका नव्हती आणि मरेपर्यंत नव्हती. दिवा हातातून निसटला, आतल्या बाजूला जमिनीवर पडला आणि विझला. आणि याकीमने दगड लोटला. खांदा लावून लोटला. पहारीने ठोकून बसवला. कान लावून उभा राहिला...

आतून काहीच आलं नाही.

ऊन असतं तर त्याने भावाला खांद्यावर टाकून घरी आणला असता. वाजत गाजत आणला असता. फरक एवढाच, तीन ताऱ्यांचा.

शप्पीरा दारात उभी होती. तिने विचारलं, तीन हाका मारल्यास? मारल्या. ऊन असताना ना? असताना. काही ऐकू आलं? नाही आई, काही नाही. मग तिने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"दिवा?"

याकीमने हात मागे घेतले.

"त्याच्यापाशी ठेवलास?" ती म्हणाली. तिला रडू कोसळलं. तीन दिवस ती रडली नव्हती. "बरं केलंस रे. मी सांगणार होते, पण तू हसशील म्हणून नाही सांगितलं."

तिने त्याचं डोकं कुरवाळलं. त्या हाताखाली तो कसा बसून राहिला असेल, ते त्यालाच माहीत.

दुसऱ्या सकाळी तो गुहेपाशी गेला. दगडाला कान लावला. उघडला नाही. आत नहूम जिवंत असेल तर रात्रभर आपण त्याला कोंडून ठेवलाय. नसेल, तर आत जे आहे ते उघडायचं नाही. दोन्हीकडून मेला बिचारा. तिसऱ्या सकाळी गेला. मग जाणं सोडलं. शप्पीरा मात्र आल्यागेल्याला सांगायची, थोरल्याने धाकट्यापाशी दिवा ठेवला हो, वरून रांगडा आहे पण मनाने लोणी. आणि रात्री दिवा मालवायची वेळ आली की थोरल्याला घाम फुटायचा. मालवू नको, राहू दे, म्हणायचा. दिवा जळत ठेवून झोपणारा गडी. त्याच्याशी कोण पोरगी संसार करणार? लग्न राहिलं ते राहिलंच.

वर्ष भरलं. मांस मातीला मिळालं की अस्थी गोळा करून पेटीत ठेवायच्या, बापदादांच्या शेजारी. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुतक, आणि संध्याकाळी गोडधोड, कारण आता माणूस खरा निवांत झाला. पेटी याकीमने स्वतः घडवली. मांडीच्या हाडाएवढी लांब, वर दोन फुलं कोरलेली. मामा बरोबर होता. याकीमने त्याला बाहेरच थांबवलं, म्हणाला, आधी मी एकटा जातो.

काय दिसणार हे त्याला वर्षभर दिसतच होतं. दगड सरकला की त्याच्या आतल्या अंगाला, उंबऱ्याशी, बोटांची हाडं.

दगड सरकला. भर दुपार होती. ऊन आत गेलं.

उंबऱ्याशी काही नव्हतं.

तो वाकून आत गेला. नहूम ओट्यावर होता. निजवला तसाच, सरळ. कापड जागच्या जागी. कवटीला हनुवटीचा पट्टा, आईने मारलेली गाठ तशीच. हललेलाच नव्हता तो. मेलेलाच होता, पहिल्या दिवसापासून. याकीम गुडघ्यांवर बसला आणि हसला. हसता हसता रडला. आपण भावाला मारलं नाही. आवाज दुसऱ्याच कशाचा तरी होता आणि आपण दगड लोटला ते योग्यच केलं... वर्षभराचं ओझं असं उतरलं की हात हलके झाले.

मग त्याने कवटी उचलायला दोन्ही हात पुढे केले.

उशाशी दिवा होता.

पडलेला नव्हे. ठेवलेला. टवका उडालेली चोच नहूमच्या तोंडाकडे. आणि वर, दगडी छताला, काजळी. चाळीस वर्षं मी तेल काढतोय. त्या दिव्यात एका रात्रीचं तेल मावतं, आणि एका रात्रीत छताला अंगठ्याएवढा डाग पडतो. याकीम म्हणाला, तो डाग त्याच्या बोटांपासून कोपरापर्यंतच्या लांबीचा होता.

बाहेरून मामाने विचारलं, काय दिसतंय रे? याकीमने अस्थी भरल्या. आधी लांब हाडं, मग बारीक, सगळ्यांवर कवटी. पेटी बापाच्या पेटीशेजारी सरकवली. दिवा कोनाड्यात पेटीजवळ ठेवला, कारण घरी न्यायची त्याची छाती झाली नाही.

संध्याकाळी शप्पीराने वर्षाने गोड खाल्लं. विचारलं, दिवा होता का? होता म्हणाला. कुठे? उशाशी. म्हणजे तू ठेवलास तिथेच, ती म्हणाली. याकीमने मान हलवली, आणि घास तोंडात तसाच राहिला.

पुढे शप्पीराही गेली, तिचीही पेटी त्या कोनाड्यात आली. तेव्हा मी खांदा द्यायला होतो. दिवा नहूमच्या पेटीपाशीच होता, धूळ बसलेला. कोणी हात लावला नाही.

याकीमने मला हे सांगितलं ते दोन वर्षांपूर्वी, खोकला छातीत उतरल्यावर. म्हणाला, माझ्यामागे कोणी नाही. तिसऱ्या दिवशी तू ये. ऊन असताना ये. मी ओ दिली तर उघड. एवढं बोलून तो घाण्याजवळच्या या दिव्याकडे बघत बसला, आणि अर्ध्या रात्रीही घरी जायला उठेना. अंधाराला भीत होता. एवढा थोरला माणूस.

गेल्या शबाटात तो गेला. उजव्या ओट्यावर आम्ही निजवला. पाय मी धरले होते. दिवा तेव्हा कोनाड्यात होता, पलीकडे, नहूमपाशी. मी मुद्दाम पाहिलं. दगड मीच बसवला, आणि त्याचीच पहार रोज घरी घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी गेलो. दिवा तिथेच. हाका मारल्या. शांत.

तिसऱ्या दिवशी गेलो. सूर्य दोन हात वर होता. दगड सरकवला.

याकीम.

काही नाही.

याकीम.

काही नाही.

याकीम...

नाही. त्याने ओ दिली नाही. निजला होता, हनुवटी बांधलेली, शांत.

कोनाडा रिकामा होता. दिवा याकीमच्या उशाशी होता. चोच त्याच्या तोंडाकडे. वरचा दगड आम्ही निजवला तेव्हा कोरा होता, आणि आता तिथे अंगठ्याएवढा काळा डाग होता.

मी दगड लावला आणि आलो. कोणाला बोललो नाही. आज बोलतोय, कारण येत्या शबाटात याकीमचं वर्ष भरतं. अस्थी गोळा करायला त्याला मूलबाळ नाही, म्हणजे मीच जाणार. पेटी एकट्याने उचलत नाही.

कोण येतंय बरोबर?

...

बरं. सावकाश सांगा. तो दिवा तेवढा इकडे सरकव बाळा, आणि फुंकर मारू नकोस.