गोधडीतली बाही

रूपलने आयुष्यात कधी कुणाच्या हातातली वस्तू हिसकावली नव्हती. त्या दिवशी मात्र हिसकावली, आणि तीही कचऱ्याची पिशवी!

औषधाच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून ती बोईसरच्या नाक्यावर बसची वाट बघत उभी होती. समोरच्या टेलरच्या दुकानातून एक उंच मुलगा, कानावर पेन्सिल अडकवलेली, भलीमोठी पिशवी घेऊन घंटागाडीकडे निघाला होता. पिशवीच्या तोंडातून लाल, हिरवे, पिवळे तुकडे डोकावत होते. रूपलचा जीव खालीवर झाला.

"अहो, थांबा! ह्ये टाकता की काय?"

"मग काय करू? चिंध्या हायत."

"तुमच्या लेखी चिंध्या. मला त्यात गोधडी दिसते."

मुलाने वाकून पिशवीत पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "मला तर नाय दिसत."

"नसेल दिसत तर द्या मला."

"आणि नाय दिली तर?"

उत्तर द्यायला वेळ कुणाला होता! बस आली होती. रूपलने पिशवीचा बंद धरला, ओढला आणि सरळ बसमध्ये चढली. खिडकीतून मागे पाहिलं तर तो रिकामा हात तसाच पुढे धरून उभा होता… आणि हसत होता.

तिथून शनिवार सुरू झाले. दर शनिवारी ती दुकानापाशी थांबायची आणि प्रीतम पिशवी पुढे करायचा. मासवणचा हा मुलगा दिनानाथमामाच्या दुकानात कटिंग करायचा. पुढे दुकान त्याच्याच हाती द्यायचं, असं मामाच्या मनात होतं. सुरुवातीला पिशवीत नुसता गोळा असायचा. मग तुकडे रंगांप्रमाणे लावून येऊ लागले. आणि मग तर चक्क इस्त्री करून! चिंध्यांना इस्त्री करणारा टेलर रूपलने तरी दुसरा पाहिला नव्हता.

"इस्त्री कशाला करता?" तिने एकदा विचारलं.

"रिकामा वेळ असतो, म्हणून."

तेवढ्यात आतून मामाचा आवाज आला, "अरे प्रीतम, त्या चार बायका कदीच्या खोळंबल्यात, त्यांची ब्लाउजं काय मी शिवू?"

रूपल हसू दाबत निघून गेली. हे असं चाललं होतं. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याचा नंबर मागितला नव्हता. आज मागू, पुढच्या शनिवारी मागू… असं करता करता पावसाळा गेला आणि लग्नसराई आली.

आणि मागच्या शनिवारी पिशवीत, अगदी वर, मोरपंखी रेशमाचा एक तुकडा निघाला. डाळिंबी काठाचा, अखंड, ब्लाउजच्या बाहीसारखा कापलेला. कापताना बिघडली असेल म्हणून दिली असेल, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. पण मन कुठे ऐकतंय! एवढं देखणं रेशीम कुणी उगाच देतं? तोंडाने बोलायचा धीर होत नाही, म्हणून कापडातून सांगतोय… मन असं म्हणालं आणि तिने ते लगेच मानलं.

सातपाटीला दिलेल्या बहिणीच्या, भाग्यश्रीच्या बाळासाठी ती गोधडी शिवत होती. फक्त मधली जागा राहिली होती. तिथे तिने ते रेशीम बसवलं. पण त्याच्या मधून टाके घालायला हात धजेना. तिने नुसत्या कडेकडेने बारीक टाके घेतले.

"मधे टाके नाय घातले तर आतले थर गोळा होतील गं," आई म्हणाली.

"होऊ देत."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. बुधवारी आईच ती गोधडी घेऊन सातपाटीला गेली. गुरुवारी दुपारी बारसं होतं.

गुरुवारी सकाळी रूपल शिरगावच्या घराला कुलूप लावत होती, तोच फाटकापाशी बाईक थांबली. बाईकवर प्रीतम! तिच्या हातातली किल्ली खाली पडली.

"घर कसं सापडलं तुमाला?"

"गोधड्या शिवनारी कंपनीतली मुलगी कुठं राहते, असं विचारत आलो. अर्धं गाव हसलं मला." पण तो स्वतः हसत नव्हता. केस विस्कटलेले, चेहरा उतरलेला. "रूपल, तो मोरपंखी तुकडा… कुठं हाय?"

"गोधडीत. का?"

त्याने डोळे मिटले. "कापलात?"

"नाय. पण झालंय काय?"

"चुकून आला तो तुमच्या पिशवीत."

चुकून! रूपलला वाटलं, कुणीतरी भर चौकात आपल्याला मूर्ख ठरवलं. शनिवारपासून उराशी धरलेला तुकडा, आणि तो चुकून आलेला!

प्रीतम भडाभडा सांगत होता. बोईसरच्या हेतलचं आज सूर्यास्ताला लग्न. तिच्या आईच्या शालूतलं जपून ठेवलेलं ब्लाउजचं कापड. तसलं दुसरं कुठे मिळायचं नाही. सकाळी बाह्या जोडायला घडी उघडली तर आत एकच बाही. "मामा म्हणाला, बाही मिळाली नाय तर कात्री खाली ठेव आणि वापीला थोरल्या मामाच्या कारखान्यात जा. या दुकानात परत दिसू नको. त्याचं पण बरोबर हाय. नवरीच्या आईला तो काय तोंड दाखवनार?"

वापी. म्हणजे शनिवार संपले. रूपलला इतका राग आला होता की म्हणावंसं वाटलं, जा खुशाल. पण तिने वाकून पडलेली किल्ली उचलली.

"मला वाटलं होतं…" ती पुटपुटली.

"काय वाटलं होतं?"

"काय नाय. गोधडी सातपाटीला हाय. गाडी चालू करा."

ती मागे बसली, मधे हातभर अंतर ठेवून. वाटेत दोघंही बोलले नाहीत. खारा वारा तोंडावर येत होता, आणि रूपल मनातल्या मनात एकच धोसरा लावून बसली होती… बाळाने गोधडी ओली केली नसू दे, कुणी हळदीकुंकवाचा हात पुसला नसू दे. सातपाटीत शिरताना बोंबलांच्या टोपल्या घेऊन बायका अचानक आडव्या आल्या. प्रीतमने करकचून ब्रेक दाबला आणि रूपलचा हात त्याच्या खांद्यावर आदळला. तो तिने काढायला हवा होता. काढला नाही. रागावलेली होती तरी काढला नाही.

भाग्यश्रीच्या घरी ओटीभर बायका जमल्या होत्या. पाळण्याला झेंडूच्या माळा, आत गोधडी आणि गोधडीवर, मोरपंखी रेशमावर गाल टेकून झोपलेलं बाळ. प्रीतम उंबऱ्याबाहेरच थांबला. रूपलने भाग्यश्रीच्या सासूला, मंगलाबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बाजूला घेतलं खरं, पण मंगलाबाईंचा आवाज जन्मभर बंदरावरच्या लिलावात तयार झालेला.

"काय? पाळण्यातली गोधडी उसवायची? आज, बारशाच्या दिवशी?"

ओटीवरच्या सगळ्या माना वळल्या.

"मावशी, नवरीचं ब्लाउज अडलंय हो."

"नवरीचं वाईट वाटतं गो. पण घोटाळा केला त्या टेलरने. परक्या माणसाच्या चुकीसाठी माझ्या नातवाच्या अंगाखालची गोधडी मी फाडू देनार नाय."

रूपलने दाराकडे पाहिलं. प्रीतमने ऐकलं होतं. त्याने मान खाली घातली आणि जायला वळला. एवढी भांडकुदळ मुलगी, घंटागाडीच्या तोंडातून पिशवी ओढणारी, आणि आत्ता जीभ टाळूला चिकटलेली. तो तुकडा आपल्यासाठी नव्हता, हे तिला आता ठाऊक होतं. तोंड उघडलं तर सगळ्या सातपाटीसमोर हसं व्हायचं. आणि नाही उघडलं तर तो चालला.

"परका नाय तो!" ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्याने.

मंगलाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मग कोन हाय?"

"मी लग्न करीन तर त्याच्याशीच करीन." तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "त्याला अजून विचारलं नाय, ती गोष्ट वेगळी."

एक म्हातारी फिस्सकन हसली. आईने कपाळाला हात लावला. मंगलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी रूपलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग उंबऱ्याबाहेर थिजून उभ्या असलेल्या त्या उंच मुलाला.

"असं आधी बोलायला काय झालं होतं? घरच्या माणसाचं काम कोन अडवील?" त्यांनी बाळाला अलगद उचलून खांद्यावर घेतलं. "पण पाळण्याजवळ कात्री नाय, ब्लेड नाय. सुईने उसवा. आणि दोरा तुटता कामा नये, अखंड निघाला पायजे. चल रे जावई, आत ये!"

प्रीतम आत आला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत होते की नाही, कोण जाणे. दोघं गोधडीपाशी समोरासमोर बसली. गाठ कुठे आहे ते फक्त रूपलला माहीत होतं. तिने काठाच्या टोकाशी बोट ठेवलं आणि प्रीतमने तिथे सुईचं टोक घातलं. एकेक टाका सुटायचा, दोरा हळूच पुढे यायचा. तो ओढला जाऊ नये म्हणून ती कापड दाबून धरायची. एका जागी दोऱ्याचा पीळ अडकला आणि ओटीभर बायकांनी श्वास रोखला. रूपलने पटकन बोट ओलं करून पीळ मोकळा केला. दोघांची डोकी एकमेकांना लागली… कुणीच मागे घेतलं नाही.

शेवटचा टाका निघाला. दोरा अखंड. प्रीतमने बाही उचलून उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली. भोकं होती ती फक्त कडेला, शिवणीत जाणाऱ्या भागात. मधलं रेशीम जसंच्या तसं.

"मधे एक पण टाका नाय घातलास?" तो हलक्या आवाजात म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"हात धजला नाय."

"का?"

"आता विचारता?" तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तुमी मुद्दाम दिलाय. माझ्यासाठी."

त्याला बोलायचं होतं, पण मंगलाबाईंनी मधेच विचारलं, "ते ऱ्हाऊ दे. ह्या भोकाचं काय? असंच घेऊन नाव ठेवायचं पोराचं?"

गोधडीच्या मधोमध आजीच्या लुगड्याचा जुना निळा थर उघडा पडला होता. प्रीतमने शर्टच्या खिशातून एक घडी काढली. हळदी रंगाचं मऊ सुती कापड, बाहीच्याच आकाराचं कापलेलं.

"हे तुझ्या पिशवीत जायचं होतं," तो रूपलला म्हणाला. "बाहीच्या घडीत हेच सापडलं. दोन्ही शेजारी ठेवलेली… आणि त्या दिवशी तू काचेतून बघत होतीस. माझं लक्ष कुठं होतं ते मामाला विचार. या कापडाचा मी कुर्ता शिवलाय. अजून तेवढंच कापड जपून ठेवलंय, तुझ्या ब्लाउजसाठी. ही हळदी बाही पिशवीत घालून बघनार होतो… तुला कळतं का ते."

रूपलने ते हळदी कापड त्याच्या हातातून घेतलं. तिने तोच दोरा पुन्हा सुईत ओवला. "तुमी जा आता. नवरी खोळंबली. ही मी बसवते."

तो धावतच गेला. बाळाचं नाव ठेवलं गेलं, घुगऱ्या वाटल्या गेल्या, बायकांनी तिला चिडवून चिडवून पार रडकुंडीला आणलं. पण रूपलचं चित्त बोईसरला होतं. सूर्य समुद्रावर टेकला तेव्हा तिने हात जोडले. बाही बसली असेल? मामा काय म्हणाला असेल? विचारायला नंबर तरी कुठे होता! शुक्रवारी कंपनीत तिने एकाच डब्यावर दोनदा लेबलं लावली.

शनिवारी बसच्या रांगेत न थांबता ती दुकानाकडे वळली. काउंटरवर कुणीच नव्हतं. कात्री खाली ठेवलेली होती.

"मामा… प्रीतम?"

मशीनवर बसलेल्या दिनानाथमामाने चष्म्यावरून पाहिलं. "तूच का ती चिंध्यांवाली?" आणि मग आत वळून ओरडला, "ये बाहेर आता! सकाळपासून चार वेळा केस विंचरलेत, अजून किती विंचरशील?"

पडदा सरकला. हळदी कुर्त्यात प्रीतम उभा होता. हातात आज पिशवी नव्हती, चिमटीत मोरपंखी रेशमाची एक बारीक पट्टी होती, भोकाभोकांची.

"बाही बसली. हेतल मांडवात इतकी छान दिसत होती, मामाने लगेच माफ केलं. शिवणीतून ही एवढी पट्टी उरली. तुझ्या टाक्यांची भोकं हायत हिच्यात, मग घंटागाडीत कशी टाकू?"

रूपलने पट्टी घेतली, बोटाभोवती गुंडाळली. "एवढीशी पट्टी कशाला जोडू?"

"ब्लाउजला. गळ्याशी लावतो. कापड तयार हाय, फक्त माप पायजे."

मामा खोकला. रूपलने पट्टी मुठीत घट्ट धरली. डोळे हसत होते, पण आवाज तिने शक्य तेवढा कडक केला.

"माप असं दुकानात मिळायचं नाय. शिरगावला घरी या. आई वाट बघते." आणि पायरी उतरता उतरता वळून म्हणाली, "मामांना पण घेऊन या."