बिरुदेवची कूस कुणी बदलली

मोबाईल खाली ठेव ताबीश, त्या उजेडात मला गोष्ट सांगवत न्हाय. आयुष्यभर रात्रीची रिक्षा चालवली मी, भूत काय दिसलं न्हाय. पण हे आपल्या गल्लीतल्या कौसरनं सांगितलंय, आन् ती पोरगी खोटं बोलणारी न्हाय.

मागल्या एप्रिलातली, हनुमान जयंतीची आदली रात्र. कौसर नर्स हाय, घरोघरी जाऊन पेशंट सांभाळती. डोळ्यांत घालायचं औषध संपलं म्हणून मीच तिला नवी पेठेत नेलं. दुकानवाला शटर ओढत हुता. त्याच्या हातापाया पडून बाटली घेतली आन् तिला परत पेशंटच्या दारात सोडलं.

पेशंट म्हणजे बिरुदेव. टेम्पो चालवायचा. वैरागच्या रस्त्याला टेम्पो उलटला, मांडीचं हाड मोडलं, काचा डोळ्यांत गेल्या. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. टेम्पोत शेजारी बायको बसली हुती, दाक्षायणी. ती जागीच गेली.

त्याला सांगितलंच न्हाय कुणी. डॉक्टर म्हणले, टाके ताजे हायत, रडला तर डोळे जातील. मग घरच्यांनी ठरवलं, पट्टी सुटंपर्यंत गप ऱ्हायचं. दाक्षायणी माहेरी हाय, जबड्याला तारा घातल्यात, फोनवर बोलता येत न्हाय. ही थाप कौसरला रोज मारावी लागायची. लई जिवावर यायचं तिच्या.

डोळे बांधलेल्या पेशंटला हात लावायच्या आधी नाव सांगायचं, ही त्यांची रीत. "मी कौसर," म्हणत ती आत गेली आन् दारातच थांबली. जाताना त्याला उताणा ठेवला हुता. आता तो कुशीवर. गुडघ्यांत उशी, पाठीला टेका, सगळं नीट. त्याला वळवायला दोन माणसं लागतात. घरात फक्त त्याची म्हातारी आई, पारूबाई. तिचं तिलाच उठवत न्हाय.

"कुणी वळवलं, दादा?"

"तीच की. आली हुती."

कौसरनं हातातली बाटली खाली ठेवली.

"नाव न्हाय सांगितलं. पण हात वळकतो मी... लई रडत हुती. माझ्या तोंडावर पडत हुतं."

कौसरनं पट्टी चाचपली. कोरडी. गाल ओला.

"ताई..."

"काय?"

"तिच्या हनुवटीला हात लावला मी. तारा न्हाईत."

कौसर पांघरूण सारखं करायला लागली.

"मग बोलली का न्हाय ती?"

कौसरनं त्याचा हात धरला. नाव न सांगताच धरला.

"रडू नगा, दादा," ती म्हणली. स्वतःच रडत हुती.

"मी न्हाय रडत. माझ्या वाटचं ती रडून गेली."

डोळे वाचले त्याचे. दिसतंय आता. पण घरात बघायला म्हातारीबिगर कोण राहिलंय, ते इचारू नको मला.

त्या रात्री त्याच्या डोक्याखालच्या उशीची खोळ पिळली तर धार लागली. सकाळी कौसरनं गच्चीवर वाळत घातली. एप्रिलातलं आपलं सोलापूरचं ऊन. शेजारच्या दोरीवरच्या चादरी बघता बघता कडक झाल्या.

संध्याकाळी काढायला गेली...

खोळ ओलीच.