सहावा परिच्छेद

पनवेलला कोर्टामागच्या गल्लीत ताहिराबींचं टायपिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं. नवा अर्ज कोऱ्या पानावर कधी टाइप करायचा नाही, ही तिथली रीत. जुना अर्ज उघडायचा, नावं बदलायची आणि वेगळ्या नावाने सेव्ह करायचा. परिच्छेदांचे आकडे कॉम्प्युटर आपोआप टाकतो. मधला एखादा उडवला तरी पुढचे मुकाट वर सरकतात. या घाईत एकाच्या अर्जात दुसऱ्याचं गाव राहून जाई, कृष्णकांत वकील डाफरत आणि ताहिराबी हसत हसत दुरुस्त करून देत.

आज त्यांना हसू येत नव्हतं. अर्ज घरचा होता.

त्यांचा आदिल सात वर्षांपूर्वी जहाजावर गेला, आणि कुठल्याशा बंदरानंतर त्याचा ठावठिकाणाच लागला नाही. कोर्टाने त्याला मयत जाहीर केलं की सून अल्फिया मोकळी होणार होती. उरणहून स्थळ आलं होतं. माणसं चांगली होती, पण तीही किती थांबणार? ताहिराबी आज-उद्या करत राहिल्या. शेवटी काल अल्फियाच म्हणाली, "अम्मी, तुमच्याकडून होत नसेल तर मी बाहेर टाइप करून घेते."

ते त्यांच्या जिव्हारी लागलं. दुपारी गिऱ्हाईक नाही असं पाहून त्यांनी करंजाच्या दमयंतीबाईंचा अर्ज उघडला. त्या बाईंचा नवराही बोटीवरून परतला नव्हता. पाच परिच्छेद सुरळीत झाले. सहाव्यात त्यांनी दमयंतीबाईंच्या नवऱ्याचं नाव पुसून आपल्या मुलाचं घातलं. 'सदर आदिल हा मयत आहे असे जाहीर व्हावे.'

सहाचा आकडा वाक्यापासून सुटला आणि खालच्या रिकाम्या ओळीवर जाऊन बसला.

जुन्या फाइलचे चाळे, असं म्हणून त्यांनी तो वर ओढला. तो पुन्हा उतरला. सगळे आकडे काढून नव्याने टाकले, तरी तेच. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोरं पान घेतलं आणि अख्खा अर्ज सुरुवातीपासून टाइप केला. पाचपर्यंत आकडे शहाण्यासारखे आले. आदिलच्या वाक्यापुढे काही नाही, आणि खाली एकटा सहा.

दमयंतीबाईंची फाइल पुन्हा उघडून पाहिली. तिथे त्यांच्या नवऱ्याच्या नावापुढे सहा जागच्या जागी होता.

ताहिराबींच्या मनात आलं ते बोलायला जीभ धजेना. त्यांनी आदिलचं नाव पुसलं, तसा सहा वर येऊन वाक्याला लागला. त्या जागी त्यांनी स्वतःचं नाव घातलं. 'सदर ताहिरा ही मयत आहे.'

सहा खाली उतरला.

त्या मोठ्याने हसल्या, मग रडल्या. जिवंत माणसाला हा आकडा लागत नाही! "अल्फिया! अगं, तो आहे! माझा आदिल आहे!" आत नळ वाहत होता. "अर्ज नको करायला, बेटी. उरणला नाही म्हणून कळवून टाकू."

तिचा विश्वास बसणार नाही. तिला डोळ्यांनीच दाखवावं, म्हणून त्यांनी आपलं नाव पुसलं, सहा पुन्हा वर वाक्याला लागला, आणि त्यांनी तिचं घातलं.

'सदर अल्फिया ही मयत आहे.'

सहा हलला नाही.

त्यांनी बोटाने ढकलल्यासारखं करत एंटर दाबलं. खाली सात आला. पुन्हा दाबलं. आठ.

"अल्फिया?"

नळ बंद झाला.

ती चहाचा कप घेऊन बाजूला येऊन उभी राहिली. ताहिराबींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहत होत्या, कोण जाणे. त्यांनी घाईने कॉम्प्युटरच्या पडद्यावर हात धरला, पण तिने आधीच वाचलं होतं. ती दचकली नाही, चिडलीही नाही.

"राहू द्या, अम्मी," ती म्हणाली. "हा बरोबर आलाय."

कप ठेवून ती आत गेली. तिच्या पावलांचा आवाज आला नाही. तो कधीपासून येईनासा झाला होता, हे ताहिराबींना काही केल्या आठवेना.