मुखड्याआधीचा श्वास

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी तिथे होतो.

माझी नात एस्तेल या पेजवरच्या गोष्टी मला वाचून दाखवते. बहुतेक अमावास्येच्या, पिंपळाखालच्या. मी म्हटलं, आता माझी घाल. माझ्या गोष्टीत अंधार नाही, स्मशान नाही. भर दुपार होती. त्रेसष्ट सालचा मे महिना. ताडदेवचा रेकॉर्डिंगचा हॉल, आणि आत आम्ही तीसेक जिवंत माणसं.

मी सांगतो, ती लिहिते.

माझं नाव आन्सेल्म कुतिन्हो. सिनेमाच्या गाण्यांत व्हायोलिन वाजवायचो. तेव्हा गाणं एका दमात रेकॉर्ड व्हायचं. गाणारी, वाजवणारे, सगळे एकत्र. कुणी खोकलं की पुन्हा पहिल्यापासून. टेक सुरू झाला की पंखेसुद्धा बंद करायचे. आवाज नको म्हणून.

त्या दिवशी गायला नफीसाजी होत्या.

मूळच्या मुरादाबादच्या. एके काळी त्यांच्या आवाजाशिवाय हिरॉईन पडद्यावर तोंड उघडत नसे. आम्ही वाजवणारे गमतीने म्हणायचो, या बाईला फुप्फुसंच नाहीत. कारण कुठल्याही रेकॉर्डवर त्यांचा श्वास कधी ऐकू आला नव्हता. कधी घेतात, कुठे घेतात, देव जाणे.

पण आता त्यांची चाळिशी आली होती. नव्या मुली आल्या होत्या. कित्येक महिने त्यांना गाणं नव्हतं. संगीतकार सूदसाहेबांनी प्रोड्यूसरशी भांडून त्यांना बोलावलं होतं. प्रोड्यूसर म्हणाला होता, हे गाणं जमलं तर अख्खा पिक्चर त्यांचा. नाही जमलं तर नवी मुलगी.

गाणं अवघड होतं. सुरुवातीला वाद्य नाही, काही नाही. शांततेत एकटा आवाज उठायचा, मग आम्ही यायचो. आणि शेवटची ओळ... लांबच लांब. रिहर्सलला ती ओळ नफीसाजींकडून दोनदा तुटली.

"मध्ये तोडा ना," सूदसाहेब हळूच म्हणाले. "मी बासरीने झाकतो."

"नव्या मुलीने तोडली असती का?"

सूदसाहेबांनी बासरीवाल्याला मागे बसायची खूण केली.

नफीसाजी लाकडी पार्टिशनच्या आड माईकसमोर उभ्या राहिल्या. माझी खुर्ची अगदी कडेची. फटीतून मला त्या दिसत होत्या.

लाल दिवा लागला. पंखे थांबले.

शांतता...

आणि एक श्वास.

लांब. तोंडाने घेतलेला. गाणं उचलण्याआधी घेतात तसा.

"कट!" स्पीकरवर केकीभाई ओरडले. आमचे पारशी रेकॉर्डिस्ट. "नफीसाजी, श्वास आला."

"मी घेतला नाही अजून."

"मग मी घेतला काय?"

दुसरा टेक. तोच श्वास, त्याच जागी. केकीभाई कॅबिनमधून तरातरा बाहेर आले. "साला, दमा कोणाला आहे? आत्ता सांगा!"

सूदसाहेबांनी आमच्या रांगेकडे पाहिलं. "ए गोवेकर! जा, नाकं शिंकरून या सगळे!"

माझ्या शेजारी पास्काल बाब बसायचे. वयाने आमच्यात सगळ्यांत मोठे. ते म्हणाले, "साहेब, फिडल आम्ही हाताने वाजवतो. नाकाने नाही."

सगळे हसले.

त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

केकीभाईंनी माईक बदलला. वायर बदलली. तरी तेच. शेवटी त्यांनी आम्हाला टेप ऐकवली. चेहरा उतरला होता त्यांचा.

"नीट ऐका. बाई माईकपासून हातभर लांब उभ्या आहेत. आणि हा श्वास... हा माईकला तोंड लावून घेतलाय."



"बस झालं," सूदसाहेब म्हणाले. "मी हात वर केला की सगळ्यांनी श्वास रोखायचा. सगळ्यांनी! बघू कोण उरतं."

हात वर गेला.

तीस माणसं थांबली. माझ्या हनुवटीवरून घामाचा थेंब व्हायोलिनवर पडला, तोही ऐकू आला. मी फटीतून बघत होतो. नफीसाजींनी ओठ मिटले होते. ओठांवर हात दाबला होता, घट्ट.

आणि तो आला...

त्यांच्या दुसऱ्या हातातला गाण्याचा कागद एका कडेने उचलला गेला. अलगद. कुणीतरी जवळून हवा ओढून घेतल्यासारखा.

पंखे बंद होते हो.

मी नफीसाजींचा चेहरा पाहिला. त्या घाबरल्या नव्हत्या. गर्दीत आपल्याला कुणी नावाने हाक मारली की माणूस कसा वळून बघतो... तशा त्या बघत होत्या.

"जेवायची सुट्टी!" सूदसाहेब ओरडले. आवाज चिरकला त्यांचा.

मी जिन्यात उभा होतो. नफीसाजी सरळ माझ्याकडे आल्या.

"पोरा, तू बघत होतास. कागद हलला ना?"

"हो."

"तो श्वास माझ्या ओळखीचा आहे." त्या कठड्याला टेकल्या. "बाजीचा. माझी मोठी बहीण, रईसा. लहानपणी आम्ही दोघी बरोबर गायचो. अब्बा हार्मोनियमवर. मला वेळ साधायची नाही. मग बाजी माझ्या कानाशी असा श्वास घ्यायची, की मी सुरू करायचं. तिचं लग्न होईपर्यंत मी एकटी कधी गायलेच नाही."

"मग त्या... गेल्या का?"

"जीभ आवर! बाजी कराचीत आहे. नवरा आहे, पोरं आहेत. ईदला बोललोय आम्ही."

पण त्यांनी माझं मनगट धरलं होतं, आणि तो हात गार पडला होता. मे महिन्यात.

मी त्यांना ऑफिसात घेऊन गेलो. कराचीचा अर्जंट ट्रंक कॉल लावायला सांगितला. ऑपरेटर म्हणाली, लाइन मिळाली की कळवू. कधी, ते सांगता येणार नाही.

नफीसाजी जेवल्या नाहीत. पॅसेजमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. मध्येच ऑफिसात डोकवायच्या. "आली?" नाही. पुन्हा फेऱ्या. चप्पल काढून ठेवली, पुन्हा घातली. त्यांना बघून आम्हालाही बसवेना. कुणी तारा जुळवतोय, पुन्हा सोडतोय, पुन्हा जुळवतोय.

"आज राहू द्या ना," त्या सूदसाहेबांना म्हणाल्या.

सूदसाहेबांनी हात जोडले. "नफीसाजी, संध्याकाळी प्रोड्यूसर टेप ऐकायला येतोय. आज राहिलं तर कायमचं राहिलं. तुमचंही आणि माझंही."

त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं.

"चला. पण कराची लागलं की मला हाक मारायची. लाल दिवा असला तरी."

केकीभाई म्हणाले, "आणि तो श्वास? त्याचं काय करायचं?"

"येऊ दे," सूदसाहेब म्हणाले. "भूत असेल तर असेल. सुरात तरी आहे."

लाल दिवा. पंखे थांबले.

शांतता...

श्वास आला. आणि या वेळी नफीसाजींनी तो सुटू दिला नाही. त्यावरच सूर लावला.

  असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. चाळिशीच्या बाईचा नव्हता तो. कोवळा होता, निर्धास्त होता. कुणाचं तरी बोट धरून चाललेल्या पोरीसारखा.

अंतरे झाले. शेवटची ओळ आली.

त्याआधी पुन्हा तो श्वास. पण केवढा... संपेचना. हॉलमधली सगळी हवा ओढून घेतल्यासारखा.

मग ओळ सुरू झाली. चालली. वळली. वर गेली. रिहर्सलला जिथे तुटली होती, ती जागा कधीच मागे पडली. आणखी वर गेली. मी वाजवता वाजवता फटीतून पाहिलं.

त्यांची छाती हलत नव्हती.

आवाज येत होता. छाती हलत नव्हती.

ओळ संपली. आमचा शेवटचा सूर विरला. केकीभाईंनी कॅबिनमधून फक्त अंगठा दाखवला.  पास्काल बाबनी छातीवर क्रॉसची खूण केली. सूदसाहेब रडत होते. नफीसाजींच्या पाया पडायला निघाले.

तेवढ्यात दार उघडलं. ऑफिसातला शिपाई.

"कराची आलंय! लाइन चालू आहे!"

नफीसाजी धावल्या. मागे वळून मला म्हणाल्या, "आन्सेल्म, तू चल."

तेव्हाची लाइन म्हणजे दोन्हीकडून बोंबाबोंब. रिसीव्हरमधलं सगळं मला ऐकू येत होतं.

"बाजी? बाजी, तूच आहेस ना?"

"मीच गं... नफ्फो..." बाई धापा टाकत होती. "तुला... कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं? काय झालंय?"

"काही नाही गं. दुपारपासून... श्वास पुरत नाही. मध्येच... कुणीतरी छातीतला काढून घेतल्यासारखं होतं. मग बरं वाटतं. मग पुन्हा. डॉक्टर म्हणतो... ऊन लागलं."

"आत्ता? आत्ता कशी आहेस?"

"आत्ताच आली होती एक मोठी धाप. डोळ्यांपुढे... अंधार. पोरं रडायला लागली. मला वाटलं, गेलेच मी." मग बाजी हसल्या. धाप लागलेल्या बाईचं हसू फार वाईट वाटतं ऐकायला. "तू कशी आहेस? गातेस ना?"

नफीसाजींनी रिसीव्हर घट्ट धरला होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही गात."

आम्ही परत आलो तर सूदसाहेब दारातच. "नफीसाजी! असा टेक बापजन्मात झाला नाही! फक्त एक, एकच, सेफ्टीसाठी..."

"नाही."

"अहो, पाच मिनिटं."

"सूदसाहेब, माझं गाणं संपलं."

त्यांना वाटलं, आजचं संपलं.

नफीसाजी त्यानंतर कधीच गायल्या नाहीत. कधीच.

ते गाणं गल्लीबोळांत वाजलं. प्रोड्यूसर त्यांच्या दारात तासन्तास बसून गेला. सूदसाहेब चिडले, रडले, शेवटी बोलायचे बंद झाले. लोक म्हणाले, बाईला घमेंड आली. कुणी म्हणालं, आवाज बसला. गाडी गेली. समुद्राकाठचा फ्लॅट गेला. नफीसाजी मदनपुऱ्यात दोन खोल्यांत राहायला आल्या, कपडे शिवू लागल्या. कारण फक्त मला ठाऊक होतं. बाजींनाही त्यांनी सांगितलं नव्हतं. मी अधूनमधून भेटायला जायचो. त्या घरात कुणी गुणगुणतसुद्धा नसे.

मग लढाया झाल्या. येणं-जाणं बंद झालं.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात बाजी मुंबईला आल्या. नफीसाजींनी मला चहाला बोलावलं. दुपारचीच वेळ.

मला वाटलं होतं, कुणी आजारी म्हातारी असेल. दार उघडलं ते एका जाडजूड, खणखणीत आवाजाच्या बाईने.

"या, या! तुम्हीच का ते फिडलवाले? सोळा वर्षं या बयेने तोंड का उघडलं नाही, विचारा जरा तिला! तिकडे मी रेडिओला कान लावून बसायचे, म्हटलं आज येईल, उद्या येईल..."

मी खाली बघितलं.

"बाजी, चहा घे," नफीसाजी म्हणाल्या.

"चहा मी घेते. तू एक ओळ घे. इतक्या लांबून आले, काय तुझ्या हातची बिस्किटं खायला?"

"तुझा श्वास कसा आहे?"

"माझ्या श्वासाला काय धाड भरलीय? तीन मजले चढते रोज. त्या एका उन्हाळ्यात काय झालं तेवढंच. त्यानंतर कधी शिंकसुद्धा नाही. गा ना गं, नफ्फो. माझ्यासाठी."

नफीसाजींनी कप खाली ठेवला. मग उठल्या. बाजींच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पंजा पसरून त्यांच्या पाठीवर ठेवला, डॉक्टर ठेवतात तसा.

"तू चहा पी," त्या म्हणाल्या. "थांबू नकोस."

बाजींनी बशी तोंडाला लावली. फुर्रकन घोट घेतला.

नफीसाजींनी डोळे मिटले. गाणं आठवत असाव्यात...

आणि खिडकीजवळून तो श्वास आला.

तोच. लांब. तोंडाने घेतलेला.

खिडकीजवळ कुणी नव्हतं. बाजी चहा गिळत होत्या.

नफीसाजींनी डोळे उघडले. पंजा अजून बहिणीच्या पाठीवर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, मीही ऐकलं.

"गा ना," बाजी म्हणाल्या. "कुणाची वाट बघतेस?"

त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

नफीसाजी गायल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या. बाजींनी तोंडभर शिव्या घातल्या, मग रडल्या, मग दोघी जवळ बसून जुन्या गोष्टी बोलत राहिल्या.

निघताना नफीसाजी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. 

"आन्सेल्म," त्या म्हणाल्या, "तो तिचा नव्हता तर... मी सोळा वर्षं गप्प बसले ती कुणासाठी?"

मी त्यांचा हात हातात घेतला, आणि जिना उतरलो.  नफीसाजी जाऊन किती वर्षं झाली. बाजीही कराचीत सुखाने गेल्या म्हणे, चांगल्या म्हाताऱ्या होऊन.

एस्तेल विचारते, आजोबा, मग ते होतं कोण?

ठाऊक नाही, बाळा. पण झोप येत नाही तेव्हा एकच गोष्ट मनात फिरत राहते. त्या हॉलमध्ये, नंतर मदनपुऱ्यात, मी तो श्वास कितीदा तरी ऐकला. प्रत्येक वेळी आत घेतलेला.

तो बाहेर सोडलेला मात्र... मी एकदाही ऐकला नाही.