हेडलाइटमागचा जोड

२००४ साल. अमरावतीत मोर्शी रस्त्यावर बाबांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला आणि टेस्टर माझ्या हाती आला. मी पंचेचाळिशीची, बिनलग्नाची. त्या दिवशी आभाळ असं दाटलेलं, की दुपारीच दिवा लावावा लागला.

मोर्शीकडचे संत्रा बागाईतदार किशोर मोटारसायकल ढकलत आले. "हेडलाइट लागून नाई राह्यला."

"बसा भाऊ," मी म्हटलं. आत वायर तुटली होती. पीळ दिला, टेप गुंडाळली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. चौथ्या खेपेला काच उघडली... टेप हलक्या हातानं सोडलेली, तांब्याचा पीळ नीट उलगडलेला. हादऱ्यानं तुटलेली वायर अशी नसते.

"आपोआप सुटते तुमची वायर?"

"सुटते कधी कधी..." ते खाली बघत हसले. "आज भाऊ नाई म्हनलं तुमी."

"कामात होती," मी म्हटलं. कान मात्र तापले.

डिसेंबरात त्यांनी विचारलंच. "बायको गेल्यापासून घर गप्प हाय. मी अन् लहानी पोरगी मंजुषा. येता काय? बाबालेबी घेऊन चाला."

दुकानामागच्या खाटेवरून बाबा बोलले, "लेकीच्या घरचं पानी पेत नाई मी. तू जाय, शकुन. माह्यं मी पाहीन." आणि डाव्या हातातला पेला त्यांच्याच अंगावर सांडला.

त्या दिवशीही वायर सुटलेलीच होती. मी टेप घेतली नाही. सोल्डरगन तापवली, कथील वितळवून जोड पक्का केला. धुरापलीकडून किशोर बघत होते.

"आता नाई सुटनार?"

"तुमी सोडली तरी नाई."

म्हणजे यायला कारण उरलं नाही — दोघांनाही कळलं.

"भाऊ तं नोका म्हनू..."

"नाई म्हनत."

हेडलाइटचा उजेड वळणापर्यंत दिसला. मग नाही.

बाबा २००९ मध्ये गेले. मोर्शीला निरोप धाडावासा वाटला... पाच वर्षं कोणी थांबलं असेल, हे मानायची हिंमत झाली नाही.

मागच्या वर्षी दुकान बंद करायच्या आठवड्यात तीच मोटारसायकल घेऊन एक तरुण बाई आली. मंजुषा. अकोल्याला जठारपेठेत दिलेली. किशोर दिवाळीत गेले, म्हणाली. दुसरं लग्न केलं नव्हतं.

"साऱ्या गाडीचं वायरिंग दोनदा बदललं, मावशी. पन एका जोडाले बाबानं कोनाले हात लावू देल्ला नाई. तुमचं दुकान सांगून गेले."

मी काच उघडली. कथिलाचा डाग तसाच होता. गाडी सुरू करून बटण दाबलं.

भर दुपार होती. तरी बराच वेळ आम्ही दोघींनी तो दिवा विझवला नाही.