दुसऱ्या थरातला आवाज

"हे ऐकून तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," शीतकक्षाच्या काचेवर बोट टेकवत प्रभंजन टिल्लू म्हणाले, "आणि लगेच बसूही नये. पुरावा काढायची मजा निघून जाते."

"पुरावाच आधी काढा की," केणी मॅडम म्हणाल्या.

मनोरमा केणी पुण्याच्या हिमजल संशोधनशाळेच्या संचालक. त्यांच्यासमोर सहीसाठी एकच कागद होता. गोठलेल्या पाण्यातून जुने आवाज वाचण्याची जी रीत या शाळेनं जगाला दिली, ती यापुढे 'चिपळोणकर रीत' म्हणून ओळखली जावी, अशी शिफारस. ज्याचं नाव कागदावर होतं तो उद्धव चिपळोणकर टेबलापलीकडे बसून शांतपणे चष्मा पुसत होता.

तो कागद टिल्लूंच्या डोळ्यांत गेले दोन महिने खुपत होता. त्याला कारणही तसंच होतं. तीस वर्षांपूर्वी खालच्या कँटीनमध्ये, मिसळीवर लिंबू पिळता पिळता त्यांनी एक थाप मारली होती. गोठलेलं तळं म्हणजे ग्रामोफोनची तबकडी, त्यावर उभं राहून बोललेलं सगळं तिच्यात उमटतं, आणि आपण स्वतः एका तळ्यातून मेंढपाळ नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण ऐकलंय! सगळे हसले. उद्धव तेवढा हसला नाही. त्यानं पावाचा तुकडा खाली ठेवून विचारलं, "किती खोलीवर?" मग अकरा वर्षं हा माणूस टाक्यांत पाणी गोठवत बसला आणि एक दिवस थाप खरी निघाली. आयुष्यात ज्याला एक विनोद धड सांगता आला नाही, त्याला टिल्लूंची सगळ्यात सुंदर गोष्ट मिळाली. परदेशातून बोलावणी आली, हार आले. टिल्लूंच्या वाट्याला टाळ्या वाजवणं आलं.

"माझा विषय नद्यांचा," मॅडम म्हणाल्या. "सही करण्याआधी मला बर्फाचं पहिल्यापासून सांगा."

"सोपं आहे," टिल्लू म्हणाले. "तळं वरून गोठतं आणि मग बर्फ खालच्या अंगानं वाढत जातो. नीलकुंडासारख्या उंचावरच्या तळ्यात रोज साधारण एक बोट जाडीचा. म्हणजे सगळ्यात वरचं बोट पहिल्या दिवसाचं, त्याखालचं दुसऱ्या दिवसाचं. यालाच आम्ही हिमलेख म्हणतो."

"आणि आवाज?"

"पाणी गोठताना हवेचे बारीक बुडबुडे अडकतात," उद्धव म्हणाला. "त्या क्षणी बर्फ थरथरत असेल, तर बुडबुडे त्या थरथरीच्या नक्षीत बसतात. हिमवाचक यंत्र तिच्यावरून किरणशलाका फिरवतं आणि नक्षीचा पुन्हा आवाज करतं."

"म्हणजे काठावर बसून कुणी गाणं म्हटलं तरी..."

"छे हो!" टिल्लूंनी उद्धवला तोंड उघडू दिलं नाही. "हवेतला आवाज बर्फावर आपटून परत जातो. बोलणारा बर्फावर उभाच हवा. आवाज छातीतून हाडांत, हाडांतून टाचांत आणि टाचांतून खाली उतरतो. शिवाय मध्ये ताज्या हिमाची दुलई नको. ती सगळं गिळून टाकते. म्हणून तर मी यंदा नीलकुंडावर गेलो. असं कोरडं वर्ष पुन्हा कधी मिळणार?"

"एकटे? अडुसष्टाव्या वर्षी?"

"पाय चाळिशीतच आहेत, मॅडम. वरचं सामान तेवढं जुनं झालंय."

मग त्यांनी रंगवायला सुरुवात केली. जानेवारीचा शेवट. एरवी कमरेएवढं हिम असतं त्या वाटेवर यंदा पिवळं गवत आणि बुटांवर धूळ! कड्याच्या सावलीत तेवढे हिमाचे दोन-तीन मळके पट्टे. एक कोल्हा म्हणे तीन मैल त्यांच्या मागून आला. ते गाणं म्हणायचे थांबले की तोही थांबायचा.

"गाणं कुठलं?" उद्धवनं विचारलं.

"तुला काय करायचंय? कोल्ह्याला आवडलं."

शेवटचा चढ त्यांनी हातापायांवर पार केला, आणि समोर नीलकुंड. अंगावर हिमाचा कण नाही. काळानिळा बर्फ, आणि त्यात खोलवर अडकलेले पांढरे बुडबुडे. मधूनच तळं पोटातून हुंकारायचं. एवढं सांगताना टिल्लूंचा आवाज क्षणभर खरा झाला. कारण तिथं काठावर त्यांना तीन दगडांची चूल दिसली होती, डिसेंबरातल्या उद्धवच्या मुक्कामाची. एवढ्या रिकाम्या डोंगरातसुद्धा हा आपल्या आधी येऊन बसलाय, या विचारानं त्यांचा असा जळफळाट झाला, की थंडी वाजायची थांबली.

"उद्धव, तू तिथं किती दिवस होतास?"

"दोन. तळं गोठलं तो दिवस आणि दुसरा. तारीख नोंदवायची होती. तिसऱ्या दिवशी पहाटेच धाप लागली, म्हणून मला खाली आणलं."

"ऐकलंत? मी गिरमिटानं बर्फाचा दांडा काढला आणि त्याच्या फाका केल्या. ही दुसऱ्या थराची." टिल्लूंनी काचेपलीकडच्या हिमवाचकाची कळ दाबली.

आधी खरखर झाली. मग उद्धवचा तो संथ, शब्दाशब्दाला दम घेणारा आवाज आला. "ही कल्पना... मुळात प्रभंजनची. मी... फक्त मोजमाप केलं."

उद्धवनं चष्मा चढवला.

"असं बोलल्याचं मला आठवत नाही," तो म्हणाला. "पण बोललो असेन. एकटा असलो की मी बडबडतो. आणि त्यात खोटं काय आहे? कल्पना त्याचीच होती. मॅडम, माझं नाव काढा. 'टिल्लू रीत' करा."

त्यानं कागद ओढला आणि आपल्या नावावर सरळ रेघ मारली.

टिल्लूंना खरं तर नाचावंसं वाटायला हवं होतं. पण पोटात नव्यानं दुखू लागलं. देतानासुद्धा हाच मोठा! भांडला असता, निदान लाल झाला असता तरी बरं वाटलं असतं. आपण तिकडे उघड्या बर्फावर उभं राहून, हनुवटी छातीत खुपसून, तासभर त्याच्या आवाजाची नक्कल घटवली. मग त्या वेळी तळाशी गोठत असलेल्या पन्नासाव्या थराची फाक कापून तिच्यावर दुसऱ्या थराची चिठ्ठी चिकटवली. आणि यानं नुसती एक रेघ मारली.

"जरा थांबा," केणी मॅडम म्हणाल्या. "टिल्लूसर, हा दांडा काठाजवळचा?"

"काठाला दगडांमुळे बर्फ तडकतो. मी ऐन मधला घेतला. तुम्ही सही करा हो."

"म्हणजे चिपळोणकरसर ऐन मध्ये उभे होते?"

"असणारच. त्याशिवाय आवाज उतरेल कसा?"

"तळं गोठल्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आता थर कितवा ते मी सांगितलं ना!"

मॅडमनी उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटवून टेबलावर आडवी ठेवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग पाहिलं उद्धवच्या भल्यामोठ्या देहाकडे.

"त्या दिवशी अख्ख्या तळ्यावर एवढाच बर्फ होता. यावर हे उभे राहिले असते तर एक शब्द बोलायच्या आत बुडाले असते. टिल्लूसर, हे धादांत खोटं आहे. हा आवाज बर्फ माणूस पेलण्याइतका जाड झाल्यावरचा आहे, आणि तेव्हा तिथं एकटं कोण गेलं होतं ते तुम्हीच आत्ता आम्हाला सांगितलंत."