एका बसचं घर

ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्ते शहरात नोकरी मागायला गेलं की शिक्षण नंतर विचारतात. आधी विचारतात, "किती बस बदलाव्या लागतात?" कामगाराच्या बसभाड्याचा बराचसा भार मालकावर पडतो, शिवाय दोन-तीन बस बदलून येणारा माणूस पावसात हमखास उशिरा उगवतो. म्हणून डोंगरापलीकडची मंडळी मावशीचा, मेव्हण्याचा, ज्याचा मिळेल त्याचा जवळचा पत्ता ठोकून देतात आणि महिनाभरात त्यांचं पितळ उघडं पडतं.

जुसाराला थाप मारता येत नव्हती असं नाही, पण तिला ती परवडणारी नव्हती. आरासुआई गावातल्या एका दुकानात नऊ वर्षं तिने चष्म्याच्या काचा घासल्या होत्या. ते दुकान बंद पडलं तेव्हा सात वर्षांच्या ताइनाला आपल्या आईपाशी ठेवून, बारा तासांचा रस्ता तुडवून ती शहरात आली होती. फेब्रुवारीत शाळा उघडायच्या आत नोकरी आणि घर जमलं तर पोर जवळ येणार होती. नाही जमलं तर अजून एक वर्ष लेकीचं तोंड फोनवरच बघायचं.

नोकरीआधी घर म्हणजे बैलाआधी गाडी. तरी तिने नकाशा पसरला, चष्म्याचे जेवढे कारखाने सापडले त्यांवर घेवड्याचा एकेक दाणा ठेवला आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, लागोइन्या वस्तीच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावरची एक खोली हेरली. बसथांबा अगदी दारासमोर होता.

घरमालकीण दोना इरासेमा गच्चीत चादरी वाळत घालत होती. तोंडात चिमटा धरूनच ती म्हणाली, "इथून सगळीकडे एकच बस."

"कारखाना शहराच्या पार टोकाला, वेंदा नोव्हात असला तरी?"

"असू दे की कुठंही! तू खाली जाऊन उभी राहा, बाकीचं बस बघेल." तिने चिमटा चादरीला लावला. "या खोलीतल्या बाईचा आजवर एक खाडा झालेला नाही, पोरी."

जुसाराला हसू आलं. घरमालकांनी आपल्या खोलीचं कौतुक करायचं नाही तर कुणी करायचं?

नोकरी वेंदा नोव्हालाच लागली. पाळीचा मुकादम उबिरातान जाडजूड आणि खवचट होता. त्याने अर्ज चाळला आणि विचारलं, "एकच बस? खरं सांगताय ना, बाई?"

"उद्या सातला बघा."

सकाळी सहा चाळीसला बस आली. खिडकीजवळची एक जागा रिकामी होती. जुसाराने डोळे मिटले, उघडले, तर कारखान्याचं फाटक समोर. सात वाजले होते. दुसऱ्या दिवशीही सातच. पावसाने चौक तुंबले, अर्धा कारखाना ओलाचिंब होऊन नऊला आला, त्या दिवशीही सात.

जुसारा हिशेबी डोक्याची होती. काच चुकली की माणसाचं डोकं दुखतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने चार दिवस घड्याळ लावून पाहिलं. वीस मिनिटं, ना कमी ना जास्त. पाचव्या दिवशी तिने पाहणं सोडून दिलं.

"लागोइन्याहून इकडे सरळ बस नाहीच," उबिरातान जेवणाच्या सुट्टीत म्हणाला. "माझी सासुरवाडी आहे तिथे. शहराच्या मध्यावर उतरून बदलावीच लागते."

"नवी सुरू केली असेल."

"मग माझ्या सासूला का नाही सापडत?"

"तुमच्या घरी यायला नको म्हणून तसं सांगत असतील," जुसारा म्हणाली, आणि सगळं टेबल हसलं.

ती सुखात होती. संध्याकाळी ती चुलीवर भात-घेवडा चढवायची, खिडकीत कॉफी पीत खालची रहदारी बघायची. तिने ताइनासाठी पिवळी चादर आणली, शाळेत नाव घातलं. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं. शनिवारी पोरीला घ्यायचं आणि रविवारी परत यायचं.

त्या आठवड्यात बुधवारी तिला ताप भरला. अंग ठणकत होतं, उठवेना. सहा चाळीसला खाली बस थांबल्याचं तिने ऐकलं. दार उघडलं, जरा वेळाने मिटलं, बस गेली.

दहा वाजता तिने कारखान्यात फोन लावला. "उबिरातानसाहेब, आज मला येता आलं नाही. फार ताप आहे."

"कोण बोलतंय?"

"जुसारा."

तो मोठ्याने हसला. "ए, कोण आहेस ग तू? जुसारा इथे माझ्यासमोर बसलीय. सकाळपासून साठ काचा उरकल्यात तिने."

फोन ठेवून तिने स्वतःची समजूत घातली. मुकादमाने दुसरीच कुणी पाहिली असेल. थट्टा करत असेल. भीती वाटली, नाही असं नाही. पण खाडा पडला नव्हता, नोकरी शाबूत होती, आणि उशी इतकी गार आणि मऊ होती. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो, असं म्हणून तिने कूस बदलली. गुरुवारी तिने फोन केला नाही. शुक्रवारीही नाही.

शुक्रवारी संध्याकाळीही ताप उतरला नाही. आठवडाभर उशीर होईल, एवढंच, असं म्हणून तिने तिकीट बाजूला ठेवलं. शनिवारी दुपारी तिने आईला फोन केला.

"आई, तापामुळे मला काल निघता नाही आलं ग. ताइनाला सांग, पुढच्या शनिवारी नक्की."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"काय बोलतेस? ताप डोक्यात गेला का?" आई म्हणाली. "आत्ता तर नेलीस तिला."

"कुणी?"

"तूच की! दारात बस उभी आहे म्हणालीस. कॉफीचा घोटसुद्धा घेतला नाहीस. पोर नुसती नाचत होती."

"आई, कधी? किती वेळ झाला?"

"झाली असतील वीस मिनिटं."

खाली बस थांबली. दार उघडलं.

जुसारा उठून बसली. तिने पाय जमिनीला टेकवले.

जिन्यात चिमुकली पावलं धावत होती. "आई, कितवा मजला? आई, माझी चादर कुठल्या रंगाची आहे?"

किती महिन्यांनी तो आवाज भिंतीपलीकडून येत होता! जुसाराचे डोळे भरून आले. "पिवळी," असं तिला ओरडून सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं.

"पिवळी," जिन्यातून तिचाच आवाज म्हणाला. "हळू चढ, राणी. घरात आजारी बाई आहे, ती आज जाणार आहे."